खटका

रविवारी सकाळी साडेदहाला, भरल्या चर्चमध्ये, माझा आवाज गेला. — घशातला नाही हो वायरमन, भिंतीवरच्या स्पीकरचा. घसा ठणठणीत आहे, तीस वर्षं बाहेर पुल्पिटवरून उपदेश करताना वापरतोय. तुम्ही ते मशीन उघडा, मी इथेच उभा राहतो. रविवारपासून कोणाला हात लावू दिलेला नाही, जसं होतं तसं ठेवलंय. उजेड अडतोय? बरं, हा सरकलो. पण नीट बघा— नुसतं 'झालं चालू' म्हणून मोकळे होऊ नका. बंद का पडलं? कोणी पाडलं? हो, कोणी असंच विचारतोय. पाळक कुठल्या वाक्यावर आलाय हे मशीनला काय कळतंय?

वाक्य कुठलं ते सांगतो. विषय होता 'जीवनाचा हेतू'— देवाने माणसाला कशासाठी पाचारण केलं, आणि माणूस गेल्यावर मागे काय उरतं. माझा हातखंडा विषय, गावोगावच्या पाळकांना शिकवायला जातो मी हा. आता पंच कमिटीचं म्हणणं काय, तर शेवटी मी निवृत्ती जाहीर करावी आणि धाकट्या पाळकांच्या डोक्यावर हात ठेवावा. धाकटे म्हणजे माझे मदतनीस— पोरगं चांगलंय, वाईट म्हणत नाही, गिटार बरी वाजवतं. पण मंडळी सांभाळायची म्हणजे काय तारा छेडायच्या आहेत? शनिवारी दिवसभर मी प्रार्थना केली आणि मला लख्ख कळलं— माझं काम संपलेलं नाही. आणखी पाच वर्षं. म्हणून रविवारी म्हणालो, "प्रियजनहो, देवाने मला सांगितलंय—" आणि खट्. एवढासा आवाज. मी थांबलो का? मी कशाला थांबतोय. तसाच बोलत राहिलो, हात उंचावून, घाम निथळेपर्यंत— पाच वर्षं, नवी इमारत, सगळं. आणि मागच्या बाकांवरून एक माणूस, एक तरी, म्हणाला का, पाळकसाहेब, ऐकू येत नाही? पंखे घरघरत होते आणि लोक माना डोलवत होते. दारात हात मिळवताना एकेक जण— "छान झाला संदेश." काय छान झाला? खजिनदार म्हणाला, "मनाला भिडलं." मी विचारलं, नेमकं काय भिडलं? तर हसला आणि छत्री शोधायला लागला. बाहेर ऊन पडलं होतं.

म्हणजे माझी गंमत बघा— मी राहणार हे मी जाहीर केलंय, आणि कोणालाच माहीत नाही. येत्या रविवारी माझा निरोप ठरलाय. घड्याळ आणलंय म्हणे. ज्याला आता कुठे वेळेवर पोचायचं नाही त्याला घड्याळ कशाला देतात हो? — ती काळी वायर जुनीच आहे, तिच्या नादी लागू नका.

मग रागारागात मी सोमवारी घरोघर गेलो. तोंडावर विचारलं— इतक्या वर्षांतला माझा कुठला संदेश तुमच्या लक्षात आहे? तोंडं बघायला हवी होती तुम्ही. शेवटी आमची शिंपीण म्हणाली, "पाळकसाहेब, आमचं कपाट जिन्यात अडकलं होतं, तुम्ही बाह्या सारून आत घुसलात आणि म्हणालात, दारं काढा. दारं काढली, कपाट गेलं वर. आमचे मालक मरेपर्यंत सांगायचे सगळ्यांना." कपाट. बायबलची मूळ भाषा शिकलोय मी वायरमन, शब्दाचं मूळ काढून संदेश देतो, आणि मागे उरणार काय— तर कपाट. आणि तेही... दारांचं माझ्या डोक्यातून निघालंच नव्हतं. आमची ही जिन्याखाली उभी होती, ती म्हणाली, "अहो, आधी दारं काढा, नुसता जोर काय लावताय." मी तेच मोठ्याने म्हणालो. माझा आवाज मोठा ना.

तिचं काय? तिला घर सोडायची घाई. राहतं घर चर्चचं आहे, पाळक गेला की रिकामं करावं लागतं. पण घाई किती असावी— काचेचे पेले कागदात गुंडाळून खोक्यात भरलेसुद्धा. आम्ही महिनाभर चहाच्या कपातून पाणी पितोय. बहिणीच्या शेजारी दोन खोल्या बघून ठेवल्यात तिने, खिडकीला पडदा कुठला लावायचा तेही ठरलंय. शनिवारी जेवताना तिला पाच वर्षांचं सांगितलं. एरवी आमचे खटके उडतात, मोठमोठे उडतात— पण त्या दिवशी आवाजही चढला नाही. एवढंच म्हणाली, "देव तुमच्याशी बोलला, बरं झालं. मला विचारायचं राहून गेलं वाटतं त्याचं." आणि ताटं उचलायला लागली. माझं अजून जेवण व्हायचं होतं. आणि संदेश तरी तिने कुठे पुरता ऐकला? खोकला आला म्हणून मधूनच उठून गेली. शेवटच्या गीताला येऊन उभी राहिली, तर काय आवाज लावला होता. खणखणीत. — खोकला झालेली बाई.

काय म्हणालात? मशीनला काही झालेलं नाही? वायर शाबूत, फ्यूज शाबूत— मग? खटका? खटका खाली आहे. बरं, आपोआप पडतो का कधी? नाही पडत. घट्ट आहे. हाताने दाबावा लागतो, तोही जोर लावून. बरं. पण ही माझे उपासनेचे झगे ठेवायची खोली, उपासना सुरू झाली की मी स्वतः कुलूप घालतो, इथे येणार कोण? खजिनदाराकडे किल्ली नाही. धाकट्याकडे नाही, मीच दिलेली नाही अजून. आणि तो तर समोरच्या बाकावर होता, वही उघडून, माझा शब्दन् शब्द...

असू द्या. झाकण बसवा. नको, चालू करून दाखवू नका. खटका राहू दे तसाच, खाली. रविवारचं रविवारी बघू. चला, आवरा तुमचं, निघा. मी? मी बसतो जरा इथेच. — काय? किल्ल्या किती? दोनच आहेत. एक घरी असते, खिळ्याला. एक माझ्या खिशात होती.