आंघोळीसाठी नांदेड

खोटं वाटत असेल तर आमच्या घरी विचारा, पण दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात मी लातूरहून नांदेडला सुट्टीला गेलो, तो फक्त आंघोळीसाठी. तीन आठवडे आम्ही ओल्या फडक्यानं अंग पुसून दिवस काढत होतो, आणि मेव्हणी राहते गोदावरीच्या गावात!

निघताना बायकोनं गाडीच्या डिकीत पाण्याचे दोन कॅन ठेवले. त्या वर्षी लातुरात कुणाकडं जायचं तर आपलं पाणी आपणच न्यायचा रिवाज पडला होता.

मी म्हटलं, "अगं, नांदेडला नदी हाय."

"असू द्या की. बहिणीकडं रिकाम्या हातानं जाऊ व्हय?"

नांदेडात शिरता शिरता हवालदारानं गाडी अडवली. डिकीतून थेंब पडत होते.

"काय गळून राहिलंय?"

"पाणी."

"कुठून आणलं?"

"लातूरहून."

त्याचा चेहरा असा झाला, की दारू म्हणालो असतो तर लवकर सुटलो असतो. त्यानं झाकण उघडायला लावलं, वास घेतला, पेलाभर पिऊन बघितलं आणि खात्री करायला आणखी एक पेला मागितला.

मेव्हणीच्या दारात पोचलो, तर सगळं घर बॅगा भरून बाहेर उभं. मेव्हणी कुलूप लावत होती.

"कुठं निघालाव?"

"तुमच्याकडंच की, दाजी! हितं पंधरा दिवस नळाला थेंब न्हाई. तुमच्याकडं तर रेल्वेनं पाणी येतंय म्हणं!"