बारा पेले पाणी

— अरे दादा, सरक थोडा, पाणी सांडेल माझं. बोलू नकोस, मी कुठे बोल म्हटलं? नऊ वर्षं सख्ख्या भावाशी बोलला नाहीस, आजच घसा कशाला खरवडतोस? दवाखान्याचा बाक आहे, दोघांचा आहे — आणि सिस्टर मासिना आज सगळ्यांची लघवी तपासतेय, म्हणजे नंबर काही लवकर लागत नाही. मी आपला पाणी पितो. हा पाचवा. बारा पेले प्यायचे असतात रोज — बारा! आकेनेसे घरी खांबावर कोळशाने रेघा मारते, आणि एक जरी कमी पडली ना, तर चर्चपर्यंत ऐकू जाईल असं ओरडते, "पेलेनातो, तुझा समुद्र आज अपुरा आहे!" बायको माझी. हसलास? नाही? मला वाटलं, मिशी हलली.

पायाला काय झालं ते मी विचारत नाही. अंगठ्याला फडकं गुंडाळलंयस, त्यावर माशी बसली तरी दचकतोस — मला कशाला विचारायला हवं? तोच अंगठा, तेच आपल्या बापाचं रक्त. सिस्टरनं मला चित्र काढून दाखवलं होतं. मी शाळा पाहिली नाही, तू गेलास आणि मी शेतात कंद खणले, पण हे मला एका दमात कळलं बघ. रक्तात एक आंबट मीठ असतं. ते निघतं बाहेर जायला, लघवीच्या वाटेनं, शहाण्यासारखं. पण दारात कोण बसलंय? मूत्रपिंड. आणि ते पडलं सामोअन! रस्त्यानं कुणी चाललं की आपण काय करतो? "ये रे, जेवून जा!" तसंच तेही. आंबट पाहुणा उंबऱ्याशी पोचला की हे हाका मारतं — "चाललास कुठे? नीरफणस भाजलाय, ये आत!" — की तो परत आत. आत येऊन बसतो कुठे? अंगठ्यात! मग ही पांढरी गोळी — प्रोबे... प्रोबेने... पुढचं माझ्या जिभेला येत नाही — ही काय करते? मारामारी नाही, काही नाही. नुसता त्या यजमानाच्या तोंडावर हात ठेवते. पाहुणा इकडे बघतो, तिकडे बघतो, कुणी बोलवत नाही — निघून जातो बिचारा समुद्राकडे. फक्त वाटेला पाणी हवं भरपूर, नाहीतर तिथेच खडा होऊन बसतो. म्हणून बारा पेले.

तरी पहिले दोन महिने काही फरक नाही. का? तर मी अतिशहाणा, ठणकतं म्हणून वरनं गुपचूप ॲस्पिरिन खात होतो — आणि ॲस्पिरिन म्हणे तो हातच बाजूला करते! म्हणजे एक गोळी यजमानाचं तोंड धरून बसलीय आणि दुसरी तिला गुदगुल्या करतेय. सिस्टर कपाळाला हात लावून हसली. तुझ्याही खिशात खुळखुळतंय काहीतरी, मला ऐकू येतं. सांग तिला, लपवू नकोस. माझ्या गोळ्यांतल्या अर्ध्या मी आणल्या होत्या तुला, केळीच्या पानात बांधून, पण तिनं काढून घेतल्या — म्हणाली, आधी त्यांची मूत्रपिंडं बघू दे, खडे आहेत का बघू दे, हा काय नीरफणस आहे वाटून खायला?

काय बघतोस? कधी काढून घेतल्या? सकाळी. हो — आज सकाळीच. बरं, कळलं तुला. माझी तारीख गुरुवारची आहे, आज माझं इथं काहीएक काम नाही. बाजारात तुझ्याबद्दल म्हणत होते, उएलेसे लंगडतोय, आणि परवा लेकाला घराण्याचं मानाचं नाव द्यायचंय, तीन तास मांडी घालून कसा बसणार? म्हणून आलो. उजाडल्यापासून बसलोय.

तुला नाव मिळालं त्या दिवशी मीसुद्धा बसलोच होतो की रे. तुझ्या समोरच्या खांबाला टेकून. मानाच्या पेयाची, आवाची करवंटी फिरत होती, सगळ्यांच्या मांड्या घातलेल्या, आणि माझा अंगठा पेटला — असा पेटला की पाय आपोआप बाहेर गेला, सरळ तुझ्याकडे, तळवा तुझ्या तोंडासमोर, भरल्या सभाघरात. तू म्हणालास, "जा." एवढंच. मी गेलो. दुखतंय असं म्हणालो नाही, लोक म्हणाले असते, थोरला मान घेतो आणि धाकटा डब्यातलं मांस चापून अंगठा सुजवतो. पण दुखत होतं हे खरं, दादा. अगदी खरं. फक्त — चटई. पायावर चटई टाकली की तो पाय कुणाचा अपमान करत नाही, शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. चटई माझ्या गुडघ्याशी होती. घडी घातलेली. मी बघितली ती. हात नेला नाही. नाव मला हवं होतं रे... हे मी बोलणार नव्हतो. त्या गोळीनं माझ्याच तोंडावर हात ठेवायला हवा होता.

असो! हे बघ, बाकावर मांडी — घातली! अंगठा दाब, दाब की, काही होत नाही. आणि गंमत ऐक, मांडी जमायला लागली तर आता बसवत नाही, तासाला दोनदा झाडामागे! वरनं दुरुस्त केलं तर खालनं गळतंय! आत्तासुद्धा केव्हाची लागलीय, खदाखदा हसवू नकोस मला. उठत का नाही? मी उठलो आणि तू निघून गेलास तर?

परवा ठणकला तर पाय पसर सरळ. दुसऱ्या कुणाकडे नको, माझ्याकडे कर. समोरच्या खांबाला मी असेन, म्हणजे — तू बोलावलंस तर. चटई माझी. आकेनेसेनं विणलीय, ही बघ, आणलीच आहे. आत्ताच करून बघ ना. इथं कोण बघतंय? इकडे... आणखी थोडा... अस्सं. टाकली. दिसतो का पाय? कुठाय पाय? पायच नाही! अरे देवा, हसवू नकोस रे, सांडेल सगळं —

काय म्हणालास?

परत म्हण. "जा" नाही म्हणालास. "जाऊन ये" म्हणालास ना?

येतो. पाय हलवू नकोस, दादा. आलोच.