इंजिनाला भार हवा

तपासनीस : मालक, चिमणीत नळी घातलीय, यंत्र मोजतंय. तुम्ही माझ्या खांद्यावरून डोकावलात म्हणून आकडे सुधारणार नाहीत.

बर्फवाला : डोकावत नाही हो मॅडम. इंजिनाजवळ मी इथेच उभा राहतो, वर्षानुवर्षांची सवय. आणि त्या दारातल्या बाईंना जरा सांगा, विचारल्याशिवाय आत यायचं नाही. बर्फाचा कारखाना आहे हा, बाग नाही.

ताई : मॅडम, त्यांना सांगा, मी उंबऱ्याबाहेर आहे. बाहेरच्या रस्त्यावर कुणाच्या बापाची मालकी नाही.

बर्फवाला : त्यांना म्हणावं, बाप काढायचं काम नाही.

ताई : त्यांना म्हणावं, बाप दोघांचा एकच होता.

तपासनीस : मी धूर मोजायला आलेय, निरोप पोचवायला नाही. तुम्हाला एकमेकांचं सगळं नीट ऐकू येतंय.

बर्फवाला : आम्ही बोलत नाही.

तपासनीस : कोण आहेत त्या?

बर्फवाला : तक्रारदार.

ताई : सख्खी मोठी बहीण. त्या समोरच्या इमारतीत सगळ्यात वर राहते. दवाखान्यातल्या नर्सबायकांचे पांढरे गणवेश शिवते. धुऊन, खळ घालून गच्चीवर टाकले की याचं इंजिन त्यावर काजळीची नक्षी काढतं. नर्सबाई म्हणाली, काकू, मी चित्त्याचं कापड दिलं होतं का?

बर्फवाला : मॅडम, तुम्हीच सांगा. घरचं भांडण घरात ठेवायचं की नाही? गल्लीतल्या सगळ्यांनी अर्जावर सह्या केल्या, त्याचं मला काही नाही. पण सगळ्यात वर सही हिची. ठसठशीत. खाली रेघ मारलेली.

ताई : त्यांना विचारा, धूर तरी घरात ठेवला होता का? आणि मी पाठीमागून काही केलं नाही. इथे, या दारात उभं राहून सांगितलं होतं, आज अर्ज देतेय म्हणून.

बर्फवाला : मला वाटलं, रागानं बोलतेय. लहानपणी रागात ती मला विकून टाकणार होती, तेही कुठे केलं?

तपासनीस : मालक, इकडे या. आकडे बघा.

बर्फवाला : काय झालं?

तपासनीस : काजळी छान उतरलीय. नवीन नोझल, नवीन फिल्टर, सगळं नीट बसवलंय तुम्ही. पण कार्बन मोनॉक्साइड वर आहे. मर्यादेच्या पुष्कळ वर.

बर्फवाला : कसं शक्य आहे? फिल्टरवाला बसवून गेला तेव्हा म्हणाला, आता यातून देवघरातल्या उदबत्तीएवढासुद्धा धूर येणार नाही.

तपासनीस : तो खोटं नाही बोलला. पण फिल्टर आतून चांगला तापला तरच तो वायू जाळतो, आणि तुमचं इंजिन आज गारठलंय. नुसतं फिरतंय, काम काहीच करत नाही. त्याच्यावर भार का नाही?

बर्फवाला : त्याचं असं आहे…

तपासनीस : कसं आहे?

बर्फवाला : तपासणी म्हणून मला धास्ती होती. म्हटलं, इंजिनाला थोडा सराव होऊ दे. कालपासून बंदच केलं नाही. टाकीतले सगळे डबे गोठून दगड झालेत. साठवणीच्या खोलीतही पाय ठेवायला जागा नाही.

तपासनीस : म्हणजे गोठवायला काही उरलंच नाही.

बर्फवाला : थेंबभर पाणी उरलं नाही.

ताई : लहानपणीही असंच. परीक्षेच्या आदल्या रात्री इतका अभ्यास करायचा, की पेपरात झोपायचा.

बर्फवाला : मॅडम, त्यांना सांगा, मला आत्ता काही सुचत नाहीये.

तपासनीस : मालक, मागच्या वेळी नापास झालात, ही दुसरी तपासणी. मुदत आज संपतेय आणि मी संध्याकाळी निघणार. आज नाही जमलं तर इंजिनाला सील लागेल. ते माझ्या हातात नाही.

बर्फवाला : ट्रक बघा रस्त्यावरचे. काळेकुट्ट ढग सोडत जातात. त्यांना नाही कुणी धरत.

तपासनीस : त्यांना धरणारी माणसं वेगळी आहेत. आणि ट्रक धूर सोडून पुढे निघून जातो. तुमचं इंजिन एका जागी उभं आहे. त्याचा धूर रोज त्याच माणसांच्या नाकात जातो.

बर्फवाला : त्यात मीही आलो.

तपासनीस : सगळ्यात आधी तुम्ही.

ताई : मॅडम, एक विचारू? टाकीतला बर्फ काढून डब्यांत साधं पाणी भरलं तर?

तपासनीस : तर इंजिनाला घाम फुटेल. मला तेच हवंय.

बर्फवाला : अहो, काढायला काय, रांगच्या रांग साखळीनं उचलायची, कोमट पाण्यात बुचकळायची, लाद्या सुटतात. पण ठेवू कुठे? मासळीवाले उद्या पहाटे येणार. उन्हात टाकू?

ताई : गल्लीला वाटा.

बर्फवाला : गल्लीला? सही करणाऱ्या गल्लीला? मी कुठल्या तोंडानं बोलावू?

ताई : तोंड माझं आहे की. सगळ्यात वरची सही माझी, हाकही मीच मारते. अहो पेंटरदादा, बर्फ हवाय का? फुकट आहे. घरातून टप आणा. आणि शाळेतल्या बाईंना कळवा. हो, हो, त्याच्याच कारखान्यातला. नाही, तो चावत नाही.

(साखळीचा खडखडाट. गल्लीत बादल्या, घमेली, टप आणि हसणं.)

तपासनीस : मालक, ही किती मोठी लादी आहे. हे आजोबा एकटे कसे नेणार?

बर्फवाला : फोडून देतो. आजोबा, कशाला हवाय? पाय बुडवून बसायला? बसा, बसा, इथेच बसा सावलीत. पुढे कोण? शाळेच्या बाई, मुलांना सांगा, गिळायचा नाही हा, खेळायचा आहे. शर्टात घालायला हरकत नाही.

ताई : मॅडम, तो दाराजवळचा लोखंडी हूक द्या इकडे. लादी ओढायला बरा पडतो. लहानपणी सुट्टीत आम्ही दोघं हेच करायचो. पैज लावून.

बर्फवाला : ताई, तिकडून नको. टाकीतलं मिठाचं पाणी सांडलंय तिथे, घसरशील.

तपासनीस : …हे मी सांगू का त्यांना?

बर्फवाला : नको. पोचलं.

ताई : पोचलं. आणि पैज मी जिंकायचे, हे सांगायचं राहिलं.

बर्फवाला : जिंकायचीस कारण लहान लाद्या तू निवडायचीस.

ताई : निवडायचीसुद्धा अक्कल लागते.

तपासनीस : मालक, डबे भरले का?

बर्फवाला : शेवटची रांग भरतोय. झाली. आता ऐका आवाज. ऐकलात? खाली उतरला. आता इंजिन जोर लावतंय.

तपासनीस : छान. आता तापू दे. कुणी बोलू नका जरा. म्हणजे, बोला, पण माझ्याशी नको.

ताई : छोट्या, हात दाखव. साखळीनं सोललास.

बर्फवाला : काही नाही गं. बर्फ लाव म्हणजे झालं, बर्फाला काय तोटा आहे आज. ताई, एक विचारू? रेघ का मारलीस?

ताई : कसली?

बर्फवाला : सहीखाली.

ताई : माझी सही तशीच आहे रे. बँकेतसुद्धा. तुला काय वाटलं, खास तुझ्यासाठी?

बर्फवाला : मी त्या रेघेवर महिनोन्‌महिने जळतोय.

ताई : मी तुझ्या धुरावर. फिटलं.

तपासनीस : मालक.

बर्फवाला : बोला. नाही, थांबा, मी बसतो. हं, बोला.

तपासनीस : काजळी, जवळजवळ नाहीच. कार्बन मोनॉक्साइड, पार खाली आलाय. नायट्रोजनचे वायू अगदी काठावर आहेत. पण काठाच्या आत.

बर्फवाला : आत म्हणजे?

तपासनीस : आत म्हणजे पास.

बर्फवाला : लेखी?

तपासनीस : लेखी. सही मी करते. रेघ मारत नाही, काळजी करू नका.

ताई : मॅडम, घ्या, हा तुकडा मानेवर ठेवा. कधीपासून बघतेय, घामाघूम झालायत.

तपासनीस : मला लाच चालत नाही, ताई. आकडे लिहून झालेत म्हणून घेतेय. आहाहा. तुमच्या गल्लीतल्या पोरांचा आता हेवा वाटतोय.

बर्फवाला : ताई, वर बघ. चिमणीकडे.

ताई : काय बघू? काही दिसत नाही.

बर्फवाला : तेच तर. पूर्ण भारावर चाललंय आणि आकाश जसंच्या तसं. मला वाटलं होतं वाईट वाटेल, बाबांच्या इंजिनाला मुसकं बांधलं म्हणून. उलट ते तरुण झाल्यासारखं वाटतंय. बाबांनी हे बघायला हवं होतं.

ताई : बाबांनी आधी फिल्टर उघडून बघितला असता.

बर्फवाला : आणि परत बसवायला मला लावलं असतं. अजून वर काय बघतेयस? उद्यापासून वाळत घाल की गणवेश बिनधास्त.

ताई : घालणारच आहे. तसं नाही रे. सकाळी गच्चीवर गेले की पहिला काळा भपका दिसायचा. शिव्या द्यायचे मी त्याला. पण कळायचं, छोट्या आला कामावर, बरा आहे. बोलत नव्हतास ना, तेव्हा तेवढंच कळायचं. आता कसं कळणार?

बर्फवाला : वर येऊन सांगत जाईन.

ताई : ये. फक्त पाय पुसून ये.