काल काय केलंत, काका?

नाही, मला एक सांगा, काल काय केलंत असं कुणी विचारलं तर सांगण्यासारखं असतं काय हो तुमच्याकडे? रिटायर माणसाकडे? तुम्हाला सांगतो, माझा काल आणि माझा परवा शेजारी शेजारी ठेवले तर मलाच ओळखता यायचे नाहीत, आणि ही गंधाली, आमच्या सी विंगमधली, आत्ता आत्तापर्यंत लिफ्टमध्ये सायकल घालून वरखाली करायची ती पोरगी, सोसायटीच्या हॉलमध्ये मला सगळ्यांसमोर उभं करते आणि म्हणते, "काका, व्हॉट डिड यू डू यस्टरडे?" रोज! रविवार सोडून रोज!

आता तुम्ही म्हणाल, मग गेलात कशाला इंग्रजीच्या क्लासला? तर नातीमुळे. इरावती. बंगळुरूला असते, सून तिकडची, शाळा तिकडची, घरात सगळं इंग्रजी. दर रविवारी व्हिडिओ कॉल. पोरगी गोड आहे, समोरचे दोन दात पडलेत, आणि आजोबा दिसले की पहिला प्रश्न हाच, "आजोबा, व्हॉट डिड यू डू यस्टरडे?" आणि मी काय म्हणायचो? "फाइन. आय ॲम फाइन." आणि फोन माणिककडे. माणिक म्हणजे आमची ही. हिला इंग्रजी येतं असं नाही, पण न येण्याची लाजच नाही ना हिला... "आय मेड लाडू, यू कम, यू ईट," असलं काहीतरी सुरू होतं आणि दोघी अर्धा तास खिदळत बसतात. मी आपला मागे सोफ्यावर, तोंड हसरं ठेवून. वाईट वाटायचं हो. नात माझीपण आहे ना.

बरं, मला इंग्रजी येत नाही असं कुणी म्हणू नये! सगळी नोकरी वीज कंपनीच्या ऑफिसात गेली, पत्रं सगळी इंग्रजीत, 'द मॅटर वॉज फॉरवर्डेड', 'द कम्प्लेंट वॉज नोटेड'. त्यामुळे पहिल्या दिवशी मी छाती काढून उभा राहिलो आणि म्हटलं, "टी वॉज टेकन. न्यूजपेपर वॉज रेड. रेस्ट वॉज टेकन." गंधाली बघतच राहिली. म्हणे, काका, हा तुमचा दिवस आहे की पंचनामा? म्हटलं, अगं, ऑफिसात असंच असतं, तिथे कुणी काही करत नाही, ते आपोआप होतं. तर म्हणाली, इथे असं चालणार नाही, घरात बोलतात तसं बोलायचं, आय ड्रँक, आय रेड. आणि नियम काय, तर खरं असेल तेच सांगायचं आणि एकदा सांगितलेलं परत सांगायचं नाही.

इथे माझी वाट लागली. दुसऱ्या दिवशी उभा राहिलो, आय ड्रँक टी, आय रेड पेपर, आय स्लेप्ट. "काका, हे कालच झालं." अगं, मग मी तरी काय करू, काल पुन्हा तसाच आला!

शेवटी काय करणार, काहीतरी करायला लागलो. नॅशनल पार्कात गेलो, हरीण बघितलं, आय सॉ अ डिअर. स्टेशनबाहेरून दुधी आणला, आय बॉट. एकदा छत्री हरवली, आणि तुम्हाला सांगतो, छत्री गेल्याचा असा आनंद मला जन्मात झाला नव्हता, आय लॉस्ट, आय सर्च्ड, आय डिड नॉट फाइंड... तीन वाक्यं सुटली एका छत्रीत! 'फॉट' राहिलं होतं, तर सेक्रेटरी भाऊरावांशी पार्किंगवरून भांडलो. माझ्याकडे गाडी नाही. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये झोकात सांगितलं, यस्टरडे आय फॉट, तर भाऊरावही त्याच क्लासला, ते उठून उभे राहिले, "यस्टरडे ही फॉट विथ मी. आय डिड नॉट अंडरस्टँड." मग माफी मागायला गेलो. तीही सांगून टाकली.

तर असं झकास चाललं होतं. घरी गेलो की माणिक विचारायची, कुठे गेला होतात? मी म्हणायचो, कुठे नाही, इथेच. सवय हो! नोकरीत होतो तेव्हाही ही दारात विचारायची, काय झालं आज, आणि मी चपला काढता काढता म्हणायचो, काही नाही. खोटं नाही बोललो कधी. फक्त सांगितलं नाही.

एकदा गोराईला गेलो. फेरीबोटीने खाडी ओलांडली. लहानपणी आई न्यायची मला, सुके बोंबील घ्यायला, एका हातात पिशवी, एका हातात मी. इतक्या वर्षांत गेलो नव्हतो. पलीकडे उतरलो, तसाच तो खारा वास, आणि काय झालं कुणास ठाऊक, कठड्याला धरून रडलो. घरी यायला उशीर झाला. हिने विचारलं, कुठे होतात? म्हटलं, इथेच.

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये सगळं सांगितलं. आय वेंट टू गोराई. आय रिमेंबर्ड माय मदर. आय क्राइड. मी खाली बसायला वळलो तर शेवटच्या खुर्चीवर माणिक. कधी येऊन बसली कोण जाणे. गंधालीने आपलं सहज विचारलं, काकू, तुम्ही सांगता? मला वाटलं, ही लाडू काढणार. उठली, पदर सारखा केला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"यस्टरडे आय आस्क्ड हिम. ही सेड, नोव्हेअर. आय हीटेड आमटी, अगेन अँड अगेन. आय वेटेड. टुडे आय केम हिअर. नाउ आय नो."

बसली. गंधालीने एक चूक काढली नाही. भाऊरावांना या खेपेला सगळं समजलं असावं, ते खाली बघत होते.

हॉलपासून आमच्या विंगपर्यंत ही पुढे पुढेच चालली. लिफ्टमध्ये म्हणाली, "तुमच्या आईंची आठवण आली हे मला शेजाऱ्यांबरोबर बसून ऐकायचं का हो? तेही इंग्रजीत?" मला फार लाज वाटली. मग घरी बसलो आणि मराठीत सांगितलं सगळं. गोराई, आई, बोंबील, हरीणसुद्धा. भाऊरावांशी का भांडलो तेही. त्यावर हसली. मग म्हणाली, एवढी वर्षं बोरीवलीत काढली, मला एकदा नेलंत का त्या बोटीत?

नेलं. शनिवारी नेलं. बोटीत माझ्या शर्टाची बाही धरून बसली होती, पलीकडे वाळूत चालली, बोंबलांच्या भावावरून घासाघीस केली, आणि येताना म्हणाली, छान गेला हो दिवस. मी मनात वाक्यं जुळवत होतो. रविवारी फोन वाजला. दोन दात पडलेलं ते तोंड. "आजोबा, व्हॉट डिड यू डू यस्टरडे?" आणि तुम्हाला सांगतो, या एका प्रश्नासाठी मी हरणं बघितली, छत्री घालवली, भांडणं केली, सगळं ओठांवर तयार, मी तोंड उघडलं आणि मागून माणिकने फोन ओढला! "वी वेंट गोराई! बोट! आय सॅट, आजोबा सॅट! आय ॲम फिअर, ही लाफ!" बोट सांगितली, वाळू सांगितली, बोंबील हातात धरून दाखवला. काही म्हणजे काही शिल्लक ठेवलं नाही हो. आणि सगळं सांगून झाल्यावर फोन माझ्या हातात दिला, म्हणे, बोला आता.

बोललो. "फाइन," म्हटलं. "आय ॲम फाइन."