मिठाच्या पाण्यातली संध्याकाळ

डोळ्यांच्या दवाखान्यात सिस्टरनं आजींच्या आणि शेजारी बसलेल्या काकांच्या डोळ्यांत थेंब घातले, डोळे मिटून बसायला बजावलं आणि ती बाटल्या आवरू लागली.

"आणखी किती वेळ हा अंधार, सिस्टर?" आजींनी विचारलं.

"बाई, हा आवाज मी कुठंही ओळखेन! तुम्ही नाटकात आईचं काम करायचात. मी लाइटवाला."

"अगंबाई! ते पिंपवाले?"

"तोच मी. पिंपात मिठाचं पाणी, त्यात दिव्यांची तार जोडलेला पत्रा. पत्रा हळूहळू वर ओढला की दिवे मंद व्हायचे. आता काय, बटण फिरवलं की झाली संध्याकाळ!"

"तुमची संध्याकाळ मात्र भारी रेंगाळायची हो. मुलगा घर सोडून गेलेला, मी दारात उभी. अंधारलं की शेवटचं वाक्य म्हणायचं, म्हणून मी आपली ताटकळतेय."

"अहो, मी तुमच्या वाक्यासाठी ताटकळायचो! बाई बोलल्या की अंधार, असं मला सांगितलेलं."

"काय सांगता! मग शेवटी हरायचं कोण?"

"कधी तुम्ही, कधी मी. पण तेवढ्यात लोक ढसाढसा रडायचे. विंगेतून दिसायचं मला."

"काय बरं होतं ते वाक्य?"

"विसरलात?"

"छे हो! अगदी ओठांवर आहे..."

आजी ओठांतल्या ओठांत शब्द जुळवू लागल्या. खिडकीतून ऊन त्यांच्या तोंडावर आलं होतं, म्हणून सिस्टरनं पडद्याला हात घातला. कड्या खुळखुळल्या.

"थांबा, सिस्टर," काका मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले. "बाईंचं वाक्य व्हायचंय अजून."