कपाटातला संगणक

हसू नका, जुने संगणक जमवणं हा माझा एकच शौक उरलाय. शिंदखेड्याकडच्या एका शाळेत टीव्हीला जोडायचा जुना संगणक आला तसाच, थर्माकोलसकट कपाटात पडून होता. खराब होईल म्हणून कुणी पोरांना हात लावू दिला नव्हता. तसला दुसरा मी आख्ख्या जिल्ह्यात पाहिलेला नाही.

दोन वर्षं मुख्याध्यापकांच्या मागे लागलो. "सर, मला द्या. चालू करून पोरांना दाखवतो."

"भाऊ, डेडस्टॉक रजिस्टरला नोंद आहे. देता येत नाही."

शेवटी माझं डोकं फिरलं. आमच्या पेपरात बातमी ठोकली: 'शाळेचा संगणक कपाटात सडतोय, अधिकारी झोपेत.' चौथ्या दिवशी सरांचा फोन. "भाऊ, वरून दखल घेतली. लवकर या."

गुंडाळून आणायला जुनी चादर घेऊनच गेलो. पटांगणात शाळेचे शिपाई नाना हातात घण घेऊन उभे होते आणि त्यांच्या पायाशी कीबोर्डची बटणं विखुरली होती.

"हे काय केलंत, सर?"

"निर्लेखन. वस्तू निकामी करूनच यादीतून काढायची असते. पंचांसमोर फोडला. हा फोटो घ्या, कारवाई झाली म्हणून छापा."

तीस वर्षं मी रस्त्यांवर लिहिलं, पाण्यावर लिहिलं, दवाखान्यावर लिहिलं. कुणी जागचं हललं नाही.

नानांनी कपाळाचा घाम पुसला आणि कौतुकानं म्हणाले, "भाऊ, तुमनी बातमीमा भलता दम शे!"