वजनाचा आणि गोळीचा संबंध

...आणि वर ती मलाच विचारते, “मावशी, वजनाचा आणि तुझ्या गोळीचा संबंध काय?” आता काय सांगणार, कपाळ? थांबा, तुम्हाला पहिल्यापासून सांगते.

जवळा बाजार गावात आमचं हळद मोजायचं केंद्र आहे. कॉम्प्युटरवरचा वजनाचा प्रोग्राम माझ्या नवऱ्यानं, वैजनाथरावांनी, स्वतः शिकून लिहिलेला. एकच लांबलचक, सगळं सगळ्यात अडकलेलं. शेतकऱ्याचं नाव दुरुस्त केलं की वजन बिघडायचं, वजन दुरुस्त केलं की चिठ्ठीवर पुसेगावच्या जागी भलतंच गाव छापून यायचं... आणि सकाळचं पहिलं पोतं काट्यावर चढलं की पडद्यावर यायचं, ‘मंजुषा, गोळी घेतली का?’ माझी ब्लडप्रेशरची हो. मला विसरायची खोड, म्हणून ह्यांनी तेही त्यातच घुसवलेलं. ‘होय’ दाबल्याशिवाय काटा पुढं सरकायचा नाही. बाहेर ट्रॅक्टरची रांग, आणि रांगेतला उकंडराव खिडकीतून म्हणायचा, “ओ बाई, घ्या की ती गोळी, काहून तकलीफ देऊन राहिल्या?” मग चारचौघांत गोळी गिळायची, आणि पाणी कोण देणार, तर रांगेतलाच कुणीतरी.

हे गेले. प्रश्न राहिला. रोज सकाळी यायचा, मी रोज ‘होय’ दाबायचे. इतकंच.

यंदा नवा काटा आणला, तर जुना प्रोग्राम त्याला ओळखेना. म्हणून पुनमला बोलावलं. माझ्या बहिणीची मुलगी, पुण्यात हेच काम करते. तिनं बघितलं, डोक्याला हात लावला. “मावशी, हे मोडून लिहावं लागेल.” मोडून! “सुटे तुकडे करायचे गं. एक फक्त वजन वाचेल, एक ओलावा वजा करेल, एक चिठ्ठी करेल. ज्याला जे दिलं त्यावरच त्यानं काम करायचं, उत्तर पुढच्याच्या हातात द्यायचं, दुसऱ्याच्या सामानाला हात लावायचा नाही. तेच दिलं की दर वेळी तेच उत्तर. याला फंक्शनल पद्धत म्हणतात.”

मी म्हटलं, अगं, हळदीचं तरी दुसरं काय असतं? शिजवणारा शिजवतो, वाळवणारा वाळवतो, पॉलिशचा ड्रम घासतो... ड्रम कधी कढईत डोकावतो का?

“बरोब्बर. मग वजनाचा आणि गोळीचा संबंध काय?”

“दोन्ही एकाच माणसानं लिहिलंय,” मी म्हटलं. “हा संबंध.”

मग ती कामाला लागली, आणि मी नको तितका चहा करत राहिले, कारण ‘तेवढं काढू नकोस’ हे काही तोंडातून निघेना.

सकाळी नव्या काट्यावर पहिलं पोतं चढलं. वजन बरोबर. चिठ्ठीवर पुसेगाव म्हणजे पुसेगावच. आणि प्रश्न... नाही. झालं, म्हटलं. चिठ्ठी बिनचूक आली म्हणून हिरमुसलेली बाई तुम्ही कधी बघितलीय?

“मावशी, डावीकडं बघ ना.”

कोपऱ्यात होता. ‘मंजुषा, गोळी घेतली का?’

“काटा आता अडत नाही. हा तुकडा वेगळा काढलाय, नाव दिलं की विचारतो. वाक्य काकांचंच आहे, मी हात लावला नाही.”

काय हलकं वाटलं म्हणून सांगू... खुर्ची ओढून बसलेच मी. गोळी घेतली, कुणी न ओरडता.

इथवर ठीक. पण सुटा तुकडा म्हणजे कुठंही जोडता येतो ना! उकंडराव खिडकीत. “बाई, आता अडवत न्हाई व्हय ते? मंग मला बी जोडून द्या, माझी शुगरची राहून जाती.” पुनमनं दिला जोडून, त्याची चिठ्ठी निघायच्या आधी विचारेल असा. मग त्याच्या मागच्याला, मग वारंगा फाट्यावरच्या टेम्पोवाल्यांच्या ऑफिसाला... वजनाचा आणि गोळीचा संबंध विचारणारी हीच पोरगी बरं का!

आता पडद्यावर येतं, ‘उकंडराव, गोळी घेतली का?’ आणि तो टोपी सारखी करून पडद्याला सांगतो, “व्हय वैजनाथराव, घेऊन राहिलो.”

हे होते तोवर मला वाटायचं, टोकायला यांना मी एकटीच सापडते. आता सकाळी अख्खी रांग गोळ्या गिळते, आणि पाणी द्यायला कोण... तर मीच.